आधी मोड, मग लिनक्स

माझा डेस्कटॉप विंडोज ७ च्या काळातला. पुढे त्याच विंडोजचं विंडोज १० झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले, आणि विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप या मशीनमध्ये नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे. रोजच्या कामासाठी मला लिनक्स हवं होतं. विंडोज एका जुन्या स्कॅनरपुरतं ठेवायचं होतं, कारण त्या स्कॅनरचा ड्रायव्हर लिनक्ससाठी कधी आलाच नाही. म्हणजे ड्युअल बूट आलं, एकाच मशीनवर दोन सिस्टीम.

ड्युअल बूटची माहिती शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी सुरुवातच पार्टिशनपासून, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांपासून होते: रूटला (मुख्य सिस्टीमला) किती जागा द्यायची, होम (स्वतःच्या फाइल) वेगळं ठेवायचं का, स्वॅप (मेमरीला जोड) किती. हे प्रश्न खरे आहेत, पण ते नंतरचे. त्याआधी बघायला हवं ते हे, की मशीनवर आत्ता असलेली सिस्टीम कुठल्या मोडमध्ये सुरू होते, जुन्या बायोस पद्धतीने (हिलाच लिगसी म्हणतात) की नव्या यूईएफआयने. दोन्ही सिस्टीम एकाच मोडमध्ये असल्या तरच लिनक्ससोबत येणाऱ्या ग्रब या बूटलोडरच्या, म्हणजे सिस्टीम उठवणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूतून दोन्हींत जाता येतं. याचं कारण तांत्रिक आहे. मशीन चालू होताच, कुठलाही बूटलोडर हातात येण्याआधी, फर्मवेअर म्हणजे बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर मोड ठरवून मोकळं होतं. यूईएफआयमधून सुरू झालेल्या ग्रबला लिगसी विंडोज उठवता येत नाही, कारण त्या विंडोजला बायोसच्या ज्या सेवा लागतात त्या तिथे नसतात. उलट दिशेलाही तेच.

म्हणून पहिलं काम तपासणीचं केलं. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ चालवलं की सिस्टीमची माहिती उघडते आणि त्यात ‘बायोस मोड’ अशी एक ओळ असते. माझ्याकडे तिच्यापुढे ‘लिगसी’ होतं. मदरबोर्ड यूईएफआयचा असूनही सिस्टीम लिगसी, हे त्या काळातल्या मशीनवर सर्रास दिसतं. तेव्हाच्या बोर्डांत सीएसएम नावाचा भाग असे. तो यूईएफआयच्या पोटात जुना बायोस उभा करतो, आणि विंडोज ७ बहुधा त्याच वाटेने बसवलं जाई. नंतर विंडोज १० वर अपग्रेड झालं तरी मोड तोच राहतो.

आता निर्णय घ्यायचा होता: लिगसीतच राहून लिनक्सही लिगसीत बसवायचं, की विंडोजला यूईएफआयवर न्यायचं आणि मग लिनक्स तिथे बसवायचं?

लिगसीच्या बाजूने एकच मुद्दा होता, पण तो वजनदार होता. जे चालू आहे त्याला हात लावावा लागत नव्हता. विरुद्ध बाजू समजण्यासाठी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये डोकवावं लागतं. तो सेक्टर, म्हणजेच एमबीआर, ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट बूटलोडरच्या सुरुवातीच्या कोडसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी, शेवटचे २ बाइट खुणेसाठी. तक्त्यात १६ बाइटच्या चारच नोंदी मावतात, म्हणून एमबीआर डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्यामुळे साधारण २ टेराबाइटच्या पुढची जागा वापरताच येत नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या ४४६ बाइटांची जागा एकच आहे. पाट एक आणि बसणारे दोघे. जो नंतर येतो तो आधीच्याला उठवतो. विंडोज पुन्हा बसवलं की ग्रब जातो, ही लिगसी ड्युअल बूटची कायमची कटकट इथूनच येते.

यूईएफआयमध्ये ती मुळातच नसते. इंटेलने १९९० च्या दशकाच्या शेवटी इटानियमसाठी ईएफआयवर काम सुरू केलं आणि २००५ मध्ये यूईएफआय फोरमची स्थापना झाली. या पद्धतीत फर्मवेअरला फॅट फाइलसिस्टीम वाचता येते. डिस्कवर ईएसपी नावाचं एक छोटं पार्टिशन असतं, त्यात प्रत्येक सिस्टीमचा स्वतंत्र फोल्डर असतो, आणि कुठली फाइल उघडायची याच्या नोंदी बोर्डवरच्या मेमरीत असतात. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरशेजारी डेबियनचा (लिनक्सच्या मी निवडलेल्या वितरणाचा) फोल्डर सुखाने राहतो. डिस्कचा तक्ता जीपीटी असतो. त्यात साधारणपणे १२८ पार्टिशनच्या नोंदींची सोय असते आणि डिस्कच्या शेवटी त्याची दुसरी प्रतही असते.

लिनक्स या बाबतीत बरंच लवचीक आहे. १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन दिलं तर ग्रब लिगसी मोडमध्येही जीपीटी डिस्कवरून चालतो. विंडोज तसं नाही. लिगसी मोडमध्ये त्याला बूट डिस्क एमबीआरच लागते, यूईएफआयमध्ये जीपीटीच लागते. त्यामुळे मोड बदलायचा तर डिस्कचा तक्ताही बदलणार हे ओघाने आलं.

माझ्या डिस्कवर पार्टिशन होती नेमकी चार: विंडोजचं छोटं राखीव, सी, डी, आणि मशीनसोबत आलेलं फॅक्टरी रिकव्हरीचं. चारही प्रायमरी. म्हणजे सी कमी करून कितीही जागा मोकळी केली तरी तिथे पाचवं पार्टिशन करता येणार नव्हतं. लिगसीत राहायचं म्हटलं तरी एक काढावंच लागणार होतं. हे दिसल्यावर ‘हात लावायला नको’ हा मुद्दा उरला नाही. मी यूईएफआयकडे वळले.

मात्र विंडोजला हात लावण्याआधी एक चाचणी केली, आणि जुन्या बोर्डवर हे करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी तीच करायला सांगेन. बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन सीएसएम पूर्ण बंद करायचं आणि लिनक्सच्या लाइव्ह (डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून बघायचं. डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, आणि हे हार्डवेअर निव्वळ यूईएफआयमध्ये चालतं का ते कळतं. बोर्डवर ‘दोन्ही’ असा पर्याय असेल तर चाचणीसाठी तो निरुपयोगी आहे. त्यात फर्मवेअर एक वाट बंद दिसली की गुपचूप दुसरीने जातं, आणि आपण कुठल्या मोडमध्ये आलो ते कळत नाही.

सीएसएम बंद केलं आणि स्क्रीन काळी झाली. बोर्डचा लोगोसुद्धा नाही. पंखा फिरत होता, दिवे लागत होते. कारण ग्राफिक्स कार्डात होतं. यूईएफआयमध्ये सुरुवातीचं चित्र दाखवायला कार्डाच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये जीओपी नावाचा ड्रायव्हर लागतो. २०१२ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बऱ्याच कार्डांत तो नसतो. अशा कार्डांचं चित्र सीएसएमच्याच आधाराने येतं. मशीन बंद करून, केबल काढून, बोर्डवरच्या जंपरने सेटिंग मूळ स्थितीला आणली. मग कार्ड काढून मॉनिटर बोर्डच्या स्वतःच्या पोर्टला जोडला. प्रोसेसरमधले ग्राफिक्स यूईएफआयमध्ये नीट उठले. माझ्या कामाला ते पुरेसे आहेत, त्यामुळे कार्ड बाहेरच राहिलं. हीच काळी स्क्रीन विंडोजचं रूपांतर झाल्यावर पुढे आली असती तर तिचा दोष डिस्कमध्ये शोधण्यात किती वेळ गेला असता, हा विचार तेव्हा मनात आलाच.

लाइव्ह लिनक्स सुरू झाल्यावर मोडची खात्री करण्याची एकच भरवशाची जागा आहे. सिस फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरात ईएफआय नावाचा फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर लिगसी. त्याच फोल्डरात प्लॅटफॉर्म साइजची एक छोटी फाइल असते, तिच्यात ६४ किंवा ३२ असा आकडा मिळतो. फर्मवेअर ६४ बिटांचं आहे की ३२ बिटांचं ते त्यावरून कळतं. काही स्वस्त टॅब्लेट आणि छोट्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४ चा आणि फर्मवेअर ३२ चं असतं. तिथे बूटलोडरही ३२ चाच लागतो. मेनूच्या रूपावरून मोड ओळखण्याची जुनी युक्ती आता चालत नाही, कारण अनेक वितरणं दोन्ही मोडमध्ये सारखाच ग्रब मेनू दाखवतात.

पेनड्राइव्हवरून सुरू करताना आणखी एका ठिकाणी थांबून बघायचं असतं. सीएसएम चालू असेल तर बोर्डच्या बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. एका नोंदीच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असतं, दुसरी नुसत्या नावाची. इन्स्टॉलर ज्या नोंदीतून सुरू होतो, त्याच मोडची सिस्टीम तो बसवतो. नंतर तो सहसा विचारत नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरची मात्र इथे दाद द्यावीशी वाटते. तो यूईएफआयमध्ये सुरू झाला आणि डिस्कवरची आधीची सिस्टीम बायोस मोडमधली वाटली, तर तो थांबतो आणि यूईएफआयमध्येच पुढे जायचं का असं विचारतो. त्या प्रश्नावर घाईने ‘हो’ म्हणणं म्हणजे दोन सिस्टीम दोन मोडमध्ये अडकवणं.

मग रूपांतर. आधी क्लोनझिलाने पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. ही पायरी गाळून मी हे काम कोणालाच करायला सांगणार नाही. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी हे तक्ता बदलणारं साधन सोबतच येतं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते काम करत नाही. म्हणून फॅक्टरी रिकव्हरी काढली. त्यात विंडोज ७ होतं, ते परत आणायचा प्रश्नच नव्हता. नंतर ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ते साधन आधी फक्त व्हॅलिडेट पर्यायासह चालवलं. तपासणी पार पडल्याचा संदेश आल्यावरच कन्व्हर्ट. विंडोज चालू असताना हे करायचं असेल तर ‘अलाउ फुल ओएस’ हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर साधन सुरुवातीलाच नकार देतं.

रूपांतराला फार वेळ लागला नाही. सीमधून जागा काढून १०० एमबीचं नवं ईएसपी तयार झालं. यानंतर मशीन रीस्टार्ट करताना थेट बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन सीएसएम बंद करावं लागतं, कारण आता ती डिस्क लिगसी मोडमध्ये उठणारच नसते. ते केलं, आणि बूटच्या यादीत प्रथमच ‘विंडोज बूट मॅनेजर’ असं नाव दिसलं. विंडोज नेहमीसारखं उघडलं. एमएसइन्फो३२ मध्ये आता यूईएफआय होतं.

१०० एमबीचं ईएसपी पुरेल का? ग्रब वापरणार असाल तर पुरतं. डेबियनसारख्या वितरणात ईएसपीमध्ये शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) आणि ग्रबच्या काही एमबीच्या फाइल जातात, कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनमध्ये राहतो. सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर मात्र कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) सहसा ईएसपीमध्येच ठेवतो. तिथे एवढी जागा दोन-तीन कर्नलमध्ये भरून जाते. माझी ग्रबची निवड इथेच पक्की झाली.

सी कमी करताना विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट मोकळ्या जागेच्या तुलनेत फारच थोडी जागा सोडायला तयार होतं. जागा असते, पण मध्येच एखादी न हलणारी फाइल बसलेली असते: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगात २५९ क्रमांकाची नोंद शोधली की अडवणाऱ्या फाइलचं नाव मिळतं. पॉवरसीएफजीने हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, रिस्टोअर पॉइंट पुसले, आणि हवी तेवढी जागा सुटली. हायबरनेशन बंद झालं की फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि ड्युअल बूटमध्ये ते बंदच हवं. फास्ट स्टार्टअपमध्ये विंडोज ‘शट डाउन’ म्हटल्यावर खरं बंद होत नाही, कर्नल डिस्कवर झोपवून ठेवतं. तेव्हा विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन अर्धवट स्थितीत असतं आणि त्यावर लिनक्समधून लिहिणं धोक्याचं ठरतं.

डेबियन बसवण्याबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. पार्टिशन स्वतः ठरवण्याचा पर्याय घेतला, मोकळ्या जागेत ईएक्सटी४ चं रूट, होम आणि स्वॅप केलं, आणि असलेलं ईएसपी फक्त वापरायला सांगितलं. फॉरमॅट नाही, कारण विंडोजचा बूटलोडर त्यातच आहे. बसवून झाल्यावर ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ओएस-प्रोबरची ओळ तपासली. ग्रबने २०२१ मधल्या २.०६ या आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टीम शोधणं सुरक्षेच्या कारणाने मूळात बंद ठेवलं आहे. ते चालू केलं, मेनू पुन्हा तयार करायला लावला, आणि टर्मिनलवर विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ आली. दोन्ही सिस्टीम एका मोडमध्ये आल्याची ही पावती, आणि ती वाचताना मला मनापासून आनंद झाला.

पण बोर्डचा स्वभाव अजून कळायचा होता. रीस्टार्ट केलं की ग्रब येई. पूर्ण बंद करून चालू केलं की थेट विंडोज. फर्मवेअरच्या बूट नोंदी दाखवणारं एफिबूटएमजीआर चालवून पाहिलं तर बूटच्या क्रमातून डेबियनची नोंद गेलेली. काही जुन्या बोर्डांचं फर्मवेअर ओळखीच्या नावांपलीकडच्या नोंदी टिकवत नाही. यावर यूईएफआयच्या नियमातच एक वाट आहे. नोंद नसताना नुसत्या डिस्कवरून सुरू करायला सांगितलं, तर फर्मवेअर ईएसपीमधल्या ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. ६४ बिटांच्या पीसीवर तिचं नाव बूटएक्स६४. डेबियनमध्ये ग्रबचं पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करताना ग्रबची जास्तीची प्रत त्या जागी ठेवू का, असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ म्हटलं आणि बोर्डच्या यादीत डिस्कच्या नावाची यूईएफआय नोंद सर्वांत वर नेली. तेव्हापासून बंद-चालू कसंही करा, ग्रबच येतो.

घड्याळाचं काम किरकोळ होतं. विंडोज बोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ, त्यामुळे सिस्टीम बदलली की वेळ पुढे-मागे होते. टाइमडेटसीटीएलने लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला लावता येतं. मी त्यापेक्षा विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ ही नोंद घालून विंडोजलाच जागतिक वेळेवर आणलं. कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या प्रदेशात स्थानिक वेळेची पद्धत दोन्ही सिस्टीमकडून तास बदलून घेते, आणि घड्याळ दुप्पट सरकतं.

नंतर हेच काम एका नव्या लॅपटॉपवर केलं. तिथे मोडचा प्रश्नच नव्हता, सीएसएम नाहीच. त्याऐवजी डेबियनच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसेना. स्टोरेज कंट्रोलर फर्मवेअरमध्ये रेड मोडवर (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीवर) होता, आणि त्याच्याआड असलेली एनव्हीएमई डिस्क लिनक्सला दिसत नव्हती. त्याला एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणलं की विंडोज उठत नाही, कारण त्याने तो ड्रायव्हर सुरुवातीला लोड करायचा नाही असं ठरवलेलं असतं. यातून जाण्याचा क्रम असा: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची, बिटलॉकर तात्पुरता स्थगित करायचा, बीसीडीएडिटने पुढचं बूट सेफ मोडमध्ये लावायचं, रीस्टार्ट करताना फर्मवेअरमध्ये कंट्रोलर बदलायचा. विंडोज सेफ मोडमध्ये उठताना नवा ड्रायव्हर स्वीकारतं. मग सेफ मोडची नोंद काढून टाकायची.

या लॅपटॉपवर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय, चालूच ठेवलं. ते बंद केल्याशिवाय लिनक्स बसत नाही हा समज अजूनही पक्का आहे, पण डेबियनमध्ये २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून सही केलेलं शिम येतं. फर्मवेअर शिमची सही तपासतं, शिम ग्रबची, ग्रब कर्नलची. बाहेरून घेतलेले ड्रायव्हर मॉड्यूल असतील तर मात्र स्वतःची किल्ली तयार करून ती मोक यादीत (मशीनच्या मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांच्या यादीत) नोंदवावी लागते. रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती मान्य करायची.

पुढे त्या लॅपटॉपचं फर्मवेअर अपडेट झालं आणि बूटच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. ईएसपीमधल्या फाइल जागच्या जागी होत्या, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवणारी नोंद उरली नव्हती. लाइव्ह पेनड्राइव्ह यूईएफआयमध्ये सुरू केला, कारण दुसऱ्या मोडमधून फर्मवेअरच्या नोंदी लिहिताच येत नाहीत. ईएफआय फोल्डर आहे ना ते पाहिलं. डेबियनचं रूट आणि ईएसपी माउंट करून सीएचरूटमध्ये, म्हणजे बसवलेल्या सिस्टीमच्या आत, गेले, ग्रब-इन्स्टॉल चालवलं, आणि एफिबूटएमजीआरच्या यादीत डेबियनची नोंद विंडोजच्या वर परत आली.